मोहाचा वेष

सकाळची घंटा होऊन उपासनेस आरंभ झाला म्हणजे प्रभूने शिष्यांस शिकविलेली प्रार्थना आपण सर्वजण एका सुरात म्हणतो. तिच्या शेवटाकडे, मोहापासून आपले रक्षण व्हावे अशी एक विनवणी आहे. रोजच्या सरावाने ती जिभेवरून इतकी सहज निघून जाते की, आपण कोणत्या शत्रूपासून संरक्षण मागत आहो, ह्याचा विचार करण्यास मनाला उसंत मिळत नाही. प्रस्तुत लेखात त्या विनवणीचाच थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

मोह म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दारूचे दुकान, जुगाराचा अड्डा, चोरी, शिवीगाळ अशी चित्रे उभी राहतात. चांगल्या वळणाच्या मुलांस ह्या गोष्टींची किळस असते. यास्तव त्यांस व त्यांच्या आईबापांस असे वाटू लागते की, आमचे घर सुरक्षित आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याचे वाईटपण त्याच्या कपाळावरच लिहिलेले आहे, तो मोह दुबळा असतो. त्याला दुरूनच ओळखता येते. भय आहे ते दुसऱ्या जातीच्या मोहाचे. तो चांगुलपणाचा वेष घेऊन, ओळखीच्या माणसाच्या आवाजात, आणि पुष्कळदा शास्त्रवचने मुखी घेऊन येतो. ज्याला केवळ वाईटाला भिण्यास शिकविले, पण चांगले म्हणून पुढे आलेल्या गोष्टीची पारख करण्यास शिकविले नाही, तो अशा मोहापुढे हात बांधून उभा राहतो. म्हणून ख्रिस्ती घरात व ख्रिस्ती शाळेत मुलांस पारख शिकविणे हे प्रार्थना शिकविण्याइतकेच अगत्याचे आहे, असे आमचे मत आहे.

ह्या मताला आधार प्रत्यक्ष प्रभूच्या परीक्षेचा आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर अरण्यात त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवण्यात आल्या, हे तुम्ही लहानपणापासून ऐकले आहे. त्या तिन्ही गोष्टी पुन्हा एकवार नीट पाहा. पहिली भाकर. भुकेल्याने भाकर खाणे हे पाप नव्हे. पुढे ह्याच प्रभूने पाच हजारांस जेवू घातले. दुसरी, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाच्या संरक्षणावर भरवसा दाखविणे. देवावर भरवसा ठेवणे हा तर सद्गुणांतील मुकुटमणी. तिसरी, जगातील राज्ये. आणि राजांचा राजा म्हणूनच तो आला होता. ह्यांपैकी एकही वस्तू स्वतः अमंगळ नव्हती. दोष होता तो ती मिळविण्याच्या रीतीत, वेळेत आणि ती कोणाच्या हातून घ्यावयाची ह्यात. पित्याने दिलेली वाट सोडून, जवळच्या वाटेने, भलत्याला नमन करून ती घ्यावी, एवढीच सैतानाची मागणी होती.

ह्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट दुसऱ्या परीक्षेत आहे. तेथे सैतान आपल्या पदरचे काही बोलत नाही. तो ९१ व्या स्तोत्रातील वचन म्हणून दाखवितो. ते वचन खोटे नाही. परंतु मूळ स्तोत्रात देवदूतांचे संरक्षण मनुष्याच्या सर्व मार्गांत आहे, असे जे म्हटले आहे, तेवढे शब्द तो गाळतो. मनुष्याचा मार्ग म्हणजे जिन्याने उतरण्याचा. शिखरावरून उडी टाकणे हा मार्गच नव्हे. प्रभूने तिन्ही वेळा उत्तर दिले ते शास्त्रातूनच, आणि तिन्ही उत्तरे अनुवाद ह्या एकाच पुस्तकातील आहेत. ह्यावरून काय शिकावे? शास्त्र तोंडपाठ असणे एवढे संरक्षण पुरेसे नाही, कारण पाठांतर सैतानाचेही उत्तम होते. एका वचनाची बाजू दुसऱ्या वचनाने पाहणे, तुकडा घेऊन न नाचता सबंध ग्रंथाचा अभिप्राय काय आहे हे विचारणे, हे खरे संरक्षण होय. रविवारच्या शाळेत वचने पाठ करून बक्षिसे मिळविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे मुद्दाम ध्यानात धरावे.

जॉन बन्यन ह्याचे यात्रेकरूच्या प्रवासाचे पुस्तक इंग्लंडात १६७८ साली छापून निघाले, आणि हरि केशवजी ह्यांनी ते १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने मराठीत आणिले. त्यात एक प्रसंग आहे. डोंगरावरील मेंढपाळांनी दोघा यात्रेकरूंस पुढच्या वाटेची टिपण लिहून दिलेली असते व खुशामत करणाऱ्यापासून जपून राहण्यास बजावलेले असते. पुढे दोन वाटा फुटतात तेथे तेजस्वी झगा पांघरलेला एक मनुष्य त्यांस भेटतो आणि आपणही स्वर्गीय नगरासच जात आहो असे सांगून त्यांस मागे घेतो. वाट अगदी हळूहळू वळत जाते; इतकी हळू की, नगराकडे पाठ झाली हे त्यांच्या ध्यानात येत नाही. शेवटी ते जाळ्यात गुरफटतात, तेव्हा त्या मनुष्याच्या अंगावरील झगा गळून पडतो. त्यांस सोडविणारा त्यांस विचारतो की, वाटेची टिपण तुमच्यापाशी नव्हती काय? टिपण खिशात होती. ती उघडून पाहण्याचे त्यांस सुचले नाही. आमच्या कित्येक घरांतील पवित्र शास्त्राची हीच दशा आहे. ते कपाटात आहे, त्यावर सुरेख कापडी वेष्टन आहे, आणि वाट फुटते त्या वेळी ते उघडण्याचे कोणास सुचत नाही.

पण ह्याविषयी सर्वांत गंभीर इशारा आम्हांस राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आढळतो. हा अध्याय मुलांस फारसा शिकविला जात नाही. म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगतो. यराबाम राजा बेथेल येथे वेदीजवळ उभा असता यहूदातून देवाचा एक माणूस आला व त्याने राजाच्या तोंडावर त्या वेदीचा निषेध केला. राजाने त्याला धरा म्हणून हात पुढे केला, तो हात वाळून गेला. आणि त्याच माणसाच्या विनंतीने तो पुन्हा बरा झाला. तेव्हा राजा नरमला व त्यास म्हणाला की, घरी चल, जेव, मी तुला देणगी देतो. त्या माणसाला देवाची स्पष्ट आज्ञा होती की, ह्या ठिकाणी अन्नपाणी घेऊ नये व आल्या वाटेने परत जाऊ नये. त्याने राजाला सांगितले की, अर्धे घर दिलेस तरी मी येणार नाही. आणि तो दुसऱ्या वाटेने निघून गेला. किती शूर मनुष्य! सत्तेचा मोह त्याने झिडकारला, धनाचाही झिडकारला.

त्याच गावात एक वृद्ध संदेष्टा राहत होता. ही हकीकत मुलांकडून कळताच त्याने गाढवावर खोगीर घालावयास लाविले व तो त्याच्या मागे गेला. देवाचा माणूस झाडाखाली विसावला होता. म्हाताऱ्याने त्याला जेवावयास बोलाविले. त्याने पुन्हा तीच आज्ञा सांगून नकार दिला. तेव्हा म्हातारा म्हणाला की, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, आणि तुला परत घेऊन यावे असे देवदूताने मला सांगितले आहे. शास्त्र येथे एकच लहानसे वाक्य जोडते, की तो खोटे बोलला. जो राजाच्या देणगीला बधला नाही, तो ह्या बोलण्याला बधला. तो परत गेला, जेवला, आणि वाटेत सिंहाने त्यास मारिले. पुढे त्या वृद्धानेच त्याचे प्रेत आणून आपल्या कबरेत ठेविले व त्याच्यासाठी शोक केला.

म्हाताऱ्याने असे का केले, ते शास्त्र सांगत नाही. कदाचित त्याच्या मनात दुष्टावाही नसेल. चांगल्या पाहुण्याच्या संगतीची हौस असेल. परंतु त्याने काही अंतर पडले नाही. त्या तरुणाला (शास्त्रात त्याचे वय दिलेले नाही, तथापि आमच्या डोळ्यांपुढे तो तरुणच उभा राहतो) जी आज्ञा स्वतः कळली होती, ती दुसऱ्याच्या ऐकीव दृष्टांतापुढे त्याने बाजूला ठेविली, आणि ह्यात काय खरे आहे हे देवाला विचारण्यासही तो थांबला नाही. परक्याच्या हातचे विष आपण हुंगून पाहतो, आपल्या माणसाने दिलेले मात्र डोळे मिटून पितो, असा ह्या गोष्टीचा इत्यर्थ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, वडील माणसांचा मान राखावा, गुरुजनांची आज्ञा पाळावी, हे आपल्या देशाचे वळण आहे व ते उत्तम आहे. तथापि मान राखणे निराळे आणि विवेक गहाण टाकणे निराळे. एखादा मनुष्य, मग तो शिक्षक असो, उपदेशक असो, अथवा नात्यातील कोणी असो, जर तुम्हांस असे सांगू लागला की, देवाने मला तुझ्याविषयी अमुक सांगितले आहे, आणि जे तुम्हांस मनोमन अयोग्य वाटते ते करावयास लावू लागला, किंवा हे घरी सांगू नकोस म्हणू लागला, तर तेथून निघा आणि तडक आईकडे किंवा बापाकडे जा. देवाचे काम अंधारात कोंडून ठेवावे लागत नाही. हे सांगताना आम्ही कोणाचा उपमर्द करीत नाही. प्रामाणिक उपदेशकाला आपल्या शब्दांची पारख झालेली आवडते. पौलासारखा प्रेषित बिरुया गावी गेला, तेव्हा तेथील लोक त्याचे सांगणे खरे आहे की नाही, हे रोज शास्त्रात शोधून पाहत असत. पौलाला त्याचा राग आला नाही. उलट प्रेषितांच्या कृत्यांत त्या लोकांच्या मनाच्या मोठेपणाची वाखाणणी केलेली आहे.

आरंभीच्या मंडळीनेही हीच रीत ठेविली होती. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचे एक लहानसे ग्रीक पुस्तक फार प्राचीन काळी मंडळ्यांत वाचले जात असे. ते पुढे नाहीसे झाले होते. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे त्याची हस्तलिखित प्रत सापडली व १८८३ साली ते छापले गेले. त्यात गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांविषयी नियम आहेत, ते वाचून मौज वाटते व आदरही वाटतो. आलेल्या पाहुण्याचे स्वागत करावे. त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन दिवस. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा समजावा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा समजावा. जो शिकवितो तसा वागत नाही, तोही खोटा. किती साधी कसोटी ही! त्यात तर्कशास्त्र नाही की कूट सिद्धांत नाहीत. शेतकरी, दासदासी, कोळी अशा साध्या माणसांनाही वापरता येईल अशी ती आहे. आमच्या महाराष्ट्रातही तुकोबांनी ढोंगी साधूंवर असेच कोरडे ओढिले आहेत. आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या परंपरेतील आम्हांस ते परके वाटण्याचे कारण नाही.

जेथे ही पारख सुटली, तेथे काय झाले ह्याचे एक उदाहरण द्यावे लागेल. ते भयंकर आहे, तरी थोरल्या विद्यार्थ्यांस ते ठाऊक असावे. अमेरिकेत इंडियानापोलिस शहरी १९५० नंतरच्या दशकात जिम जोन्स नावाच्या उपदेशकाने एक मंडळी स्थापिली. त्या काळी तेथे गोरे व काळे एका देवळात बसत नसत. ह्याच्या देवळात बसत. गरिबांस तेथे फुकट जेवण मिळे. अशा कामास कोण नावे ठेवील? भले लोक त्याच्याकडे आले ते भल्या हेतूने आले. मग हळूहळू त्यांची मिळकत मंडळीच्या हाती गेली. नातेवाइकांशी संबंध तुटत गेले. शंका विचारणे हा द्रोह ठरू लागला. पुढे हजारावर माणसे दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या जंगलात वसाहत करून राहिली. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याच्या सांगण्यावरून त्या वसाहतीत विष देण्यात आले व नऊशेंहून अधिक माणसे मेली. त्यांत सुमारे एक तृतीयांश लहान मुले व अज्ञान वयाची होती. ह्या वाटेच्या अखेरीस विषाचे पिंप होते. आरंभी मात्र जेवणाची पंगत होती. बन्यनच्या पुस्तकातील वाट वळत गेली तशीच, कोणाच्या ध्यानात येऊ न देता, ही वळत गेली.

फसविणारा दर वेळी लबाडच असतो असेही नाही. कधी कधी तो आधी स्वतः फसलेला असतो. अमेरिकेतील विल्यम मिलर हा शेतकरी सचोटीचा व शास्त्राचा अभ्यासू होता. दानिएलाच्या पुस्तकावरून गणित करून त्याने प्रभूच्या पुनरागमनाचा काळ काढिला, आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की ठरविला. कित्येकांनी शेतातील पीक काढिले नाही. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि हजारो लोक रडत घरी परतले. त्या दिवसाविषयी कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभूने स्वतः सांगून ठेविले होते. तेवढे एक वचन त्या सगळ्या गणितापेक्षा वजनदार होते. पण उत्साहाच्या भरात ते तराजूत टाकण्याचे राहून गेले.

आता आपल्या घराकडे वळू. सांप्रत मोबाईलवर प्रभूच्या चित्रासह निरोप येतात की, हा निरोप अकरा जणांस पाठविल्यास आशीर्वाद मिळेल, न पाठविल्यास अनिष्ट होईल. अकरा ह्या आकड्यात आशीर्वाद भरून ठेविणारा देव आपल्या शास्त्रात नाही. तरी आमच्यातील शिकलेली माणसेही ते निरोप पुढे ढकलतात, कारण वर चित्र प्रभूचे असते. कोणी म्हणतो, इतके पैसे बी म्हणून पेरा, देव शंभरपट देईल. कोणी प्रार्थनेचे तेल विकतो. प्रभूने आजाऱ्यांस बरे केले ते दाम घेऊन नव्हे, आणि शोमरोनातील शिमोनाने पवित्र आत्म्याचे दान पैशांनी विकत घेऊ पाहिले तेव्हा पेत्राने त्यास जी तंबी दिली, ती विकणाऱ्यासही लागू आहे.

ह्याहून घातक सांगणे म्हणजे, विश्वास असेल तर औषध सोडा. ह्या ठिकाणी आमचे मत आम्ही स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध जो कायदा झाला, त्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात खून झाला. त्या कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावला असता माणसास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा मानिला आहे. हा कायदा दुसऱ्या धर्मांच्या बुवांसाठी आहे, आपल्याला त्याचे काय, असे काही ख्रिस्ती बांधव म्हणतात. आम्हांस हे बोलणे नापसंत आहे. आजाऱ्याला दवाखान्यातून उठवून आणणारा मनुष्य कोणत्या देवाचे नाव घेतो, ह्याने आजाऱ्याच्या जिवाला फरक पडत नाही. आमच्या वाडवडिलांनी ख्रिस्ती सेवा शिकली ती अशी नव्हे. डॉ. वानलेस ह्यांनी मिरज येथे १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हा प्रार्थना व शस्त्रक्रिया एकाच छपराखाली नांदत होती. प्रार्थनेने औषधाचा हात धरावा, झिडकारू नये.

शाळकरी वयातील मोहही असाच वेष घेतो. परीक्षेत स्वतःसाठी नक्कल करणे वाईट, हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. पण मित्र नापास होईल, त्याचे वर्ष जाईल, त्याच्या घरची गरिबी आहे, एवढे एकच उत्तर दाखीव, असे मन सांगू लागले म्हणजे नकलेने मैत्रीचा अंगरखा घातला असे समजावे. मित्राविषयीची कळकळ खरी आहे. तिची वाट परीक्षेच्या दोन महिने आधी त्याच्याबरोबर अभ्यासाला बसण्याची होती. जवळची वाट पुन्हा एकदा! शाळेचे नाव राहावे, निकाल चांगला लागावा, म्हणून डोळेझाक करण्याचा मोह शिक्षकांपुढे व संस्थांपुढेही असतो, हेही येथेच नमूद करितो. पैसे लावून खेळावयाचे मोबाईलवरील खेळ तर आरंभी मुलाला मुद्दाम जिंकू देतात असे वाटावे, इतके गोड बोलतात. आणि घरखर्चाला मदत होईल, अशी भली सबबही हाती देतात.

मग पारख करावी कशी? पुष्कळ नियमांनी घोटाळा होतो. आम्ही चारच प्रश्न सुचवितो. पहिला, ही गोष्ट लपवून ठेवण्यास मला कोणी सांगत आहे काय? इग्नेशियस लोयोला ह्या सोळाव्या शतकातील साधुपुरुषाने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात लिहिले आहे की, मोह घालणारा हा कपटी प्रियकरासारखा असतो. आपले बोलणे मुलीच्या बापाच्या कानी जाऊ नये अशी त्याची धडपड असते, आणि ते उघडकीस आले की त्याचा डाव फसतो. दुसरा प्रश्न, आताच्या आता ठरीव, असा तगादा आहे काय? जे सत्य आहे ते उद्या सकाळीही सत्यच राहते. तिसरा, ह्यात पैसा, मान किंवा सत्ता कोणाच्या पदरी पडते? चौथा व मुख्य, ह्याचे फळ काय? खोटे संदेष्टे फळांवरून ओळखावे, असे प्रभूने सांगितले, त्यात धीराचाही उपदेश आहे. कोय रुजली एवढ्यावरून आंबा गोड निघेल असे कोकणातला शेतकरी म्हणत नाही. तो वर्षानुवर्षे थांबतो. ज्या शिकवणीने मनुष्य अधिक नम्र, अधिक प्रेमळ, शेजाऱ्याला अधिक उपयोगी झाला, ती चांगली. जिच्यामुळे तो गर्विष्ठ, एकलकोंडा व दुसऱ्यांस तुच्छ मानणारा झाला, तिच्यावर देवाचे नाव कितीही वेळा कोरलेले असो, ती टाकावी.

ह्या अखेरच्या वाक्यात एक काटा आमच्याकडेही वळलेला आहे. फसवणुकीविषयी पुष्कळ वाचल्यावर मनुष्याला वाटू लागते की, सारे जग फसले आहे, मी तेवढा शहाणा. तो शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवितो, दुसऱ्या पंथाच्या मंडळीस हसतो. मंदिरात उभा राहून, मी इतरांसारखा नाही म्हणून देवाचे आभार मानणारा परूशी हा सर्वांत गाढ फसलेला मनुष्य होता; आणि त्याचा वेष तर अगदी शुभ्र होता. म्हणून पारखेची सुरुवात स्वतःपासून करावी.

पालकवर्गास आमची एक कळकळीची विनंती आहे. आपल्या मुलांच्या प्रश्नांस भिऊ नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही केवळ कोणी अधिकारी सांगतो म्हणून एखादा सिद्धांत मान्य करण्याचे त्यांनी नाकारिले. आपल्या विवेकाला पटेपर्यंत त्या प्रश्न विचारीत राहिल्या. पुढे शास्त्र मुळातून वाचता यावे म्हणून त्या इब्री व ग्रीक शिकल्या, आणि केडगाव येथे त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर सिद्ध केले. प्रश्नांनी त्यांची श्रद्धा ढासळली नाही. ती खोल रुजली. जे मूल घरी प्रश्न विचारू शकते, ते बाहेरच्या गोडबोल्यालाही प्रश्न विचारील. जे मूल घरी गप्प बसविले जाते, ते बाहेरही गप्पच बसेल.

दुसरे असे की, मूल एखाद्या मोहात सापडले, पैसे हरले, कोणाच्या नादी लागले, तर ते तुमच्यापाशी येऊन सांगू शकेल असे घर ठेवा. आधी मार आणि मग विचारपूस, अशी जेथे रीत आहे, तेथे मूल लपवावयास शिकते. आणि लपविणे हेच तर मोहाचे बळ आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील बापाने मुलाला दुरून पाहिले, ह्याचा अर्थ तो वाटेकडे डोळे लावून बसला होता. त्या घराचे दार उघडे होते म्हणूनच मुलाला परतीचा विचार सुचला. शिक्षा करण्याचे प्रसंग येतात, ते आम्हीही जाणतो. परंतु मुलाला सत्य सांगितल्याबद्दल शिक्षा झाली असे वाटू देऊ नये.

शेवटी, ज्या प्रार्थनेपासून आरंभ केला तिच्याकडे पुन्हा एकदा पाहा. मोहापासून रक्षणाची ती विनवणी एकवचनी नाही. तीत ‘मी’ हा शब्दच नाही. सारी प्रार्थना अनेकवचनी आहे. वर्गातील मुले, घरातील आईबाप, मंडळीतील वृद्ध, शिक्षक, ह्या सर्वांनी एकमेकांसाठी जागत राहावे, असा तीत आशय आहे. बेथेलच्या वाटेवर देवाचा तो माणूस एकटा होता. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तशा वाटेवर एकटा राहू नये. उद्या सकाळी घंटा होईल आणि तुम्ही ती विनवणी म्हणाल, तेव्हा आपल्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव मनात घेऊन म्हणा. आणि त्याने किंवा तिने येऊन काही सांगितले, तर ऐकून घ्या.